बोटीवर संकोच चालत नाही

दिगू, परवा तुझी शोकसभा झाली आणि मी तिथून भांडून घरी आले. तुला यात नवल वाटणार नाही. इतकी वर्षं माझ्याशी संसार केलेल्या अजयलाही वाटलं नाही. गाडीत बसल्यावर तो एवढंच म्हणाला, "निदान चहा तरी घेऊ द्यायचा होतास लोकांना."

सभा त्याच हॉलमध्ये होती जिथे आपण मिनेसोटातली मराठी मंडळी दरवर्षी गणपती बसवतो. समोर तुझा फोटो, तोही ऑफिसच्या ओळखपत्रावरचा, मोठा करून घेतलेला, गळ्यात टाय आणि चेहऱ्यावर तो ओढूनताणून आणलेला सभ्यपणा. इतके फोटो असताना हाच का, असं मी विचारलं तर म्हणाले, त्याच्या बायकोला, मंजिरीला, आत्ता कशाला त्रास द्यायचा, वेबसाइटवर हा मिळाला. मग एकेक जण उठला. कोणी पुण्याचा, कोणी मुंबईचा, दोघं तुझ्याच नागपूरचे. सगळ्यांचं मिळून एकच भाषण होतं. दिगंबरने कधी कोणाला त्रास दिला नाही. सगळ्यांच्या अडीअडचणीला धावून गेला, पण स्वतःसाठी कधी कोणाला हाक मारली नाही. शेवटी एक काकू उठल्या आणि म्हणाल्या, "जातानासुद्धा कोणाला त्रास दिला नाही हो. कोणाची सेवा घेतली नाही. भाग्यवान जीव." आणि हॉलभर माना हलल्या.

नव्वदीच्या म्हाताऱ्याबद्दल बोलावं तसं त्या बोलत होत्या. तू चाळिशीतला माणूस. तुझी मुलगी, इरा, पहिल्या रांगेत बसली होती. यात भाग्य कुठलं आलं?

जे झालं ते असं झालं. रविवारी सकाळी तू घरापुढचा बर्फ फावड्याने उपसत होतास आणि तिथेच कोसळलास. आदल्या दिवसापासून तुझा खांदा दुखत होता, छातीत जळजळत होतं. मंजिरीला तू ॲसिडिटी म्हणून सांगितलंस आणि वर बजावलंस की कोणाजवळ बोलू नकोस, उगाच सगळे धावत येतील. आपण दोन घरांत मिळून घेतलेला बर्फ उडवायचा स्नो-ब्लोअर आमच्या गॅरेजमध्ये उभा होता, दोन गल्ल्या पलीकडे. दुखतंय म्हणून सांगितलं नाहीस ते नाहीच, यंत्रसुद्धा मागितलं नाहीस. समोरच्या घरातल्या माणसाने तुला पडलेलं पाहिलं, ॲम्ब्युलन्स त्याने बोलावली. ज्याच्याशी तुझी ओळख हात हलवण्यापुरती होती, त्याला शेवटी तुझ्यासाठी पळावं लागलं. मग आम्ही कशाला होतो इथे? मला तुला एवढंच विचारायचंय. का सांगितलं नाहीस? सभेत हे कोणी विचारलं नाही. त्यांच्या मते तो तुझा गुण होता.

दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी रडले असते आणि गप्प बसले असते. पण तू? मागच्या मार्चमध्ये बोटीवर आम्हाला जे ऐकवलंस ते ऐकवणारा तू?

त्या सहलीची कल्पना तुझीच. नागपूरचा माणूस, अंबाझरीच्या तलावापलीकडे पाणी पाहिलेलं नाही, आणि मिनेसोटात येऊन शिडाची बोट चालवायला शिकलास. इथल्या तळ्यांवर चार उन्हाळे काढलेस, परीक्षा दिल्यास, आणि एक दिवस जाहीर केलंस की आपण व्हर्जिन आयलंड्सला जायचं, बोट भाड्याने घ्यायची, कप्तान मी. अमेरिकेचीच बेटं, त्यामुळे व्हिसाच्या स्टॅम्पिंगची भानगड नाही. तुझं ग्रीन कार्ड तेव्हा वर्षानुवर्षं रांगेत अडकलेलं, देशाबाहेर पाऊल टाकायची तुला धास्ती. तुला समुद्र हवा होता आणि सीमाही ओलांडायची नव्हती. खाडीच्या पलीकडे ब्रिटिशांची बेटं हिरवीगार दिसत होती. तू त्यांच्याकडे असा पाहायचास, जसं उपासाच्या दिवशी माणूस शेजारच्या ताटाकडे पाहतो.

तुम्ही तिघं, आम्ही दोघं आणि नाना. मंजिरीचे वडील नेमके तेव्हा पुण्याहून आलेले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, जन्म धरणांवर गेलेला, पण बोटीत पहिल्यांदाच. त्या उष्ण हवेत कानटोपी घालून बसले होते. मंजिरीने सामानातून प्रेशर कुकर आणला होता, बोटीच्या हेलकावणाऱ्या शेगडीवर पहिल्या संध्याकाळी मूगडाळीची खिचडी झाली. कुकरची शिट्टी ऐकून शेजारच्या बोटीवरची गोरी मंडळी डेकवर आली होती, काही बिघडलं का म्हणून बघायला.

निघण्याआधी तू सगळ्यांना उभं करून भाषण दिलंस. लाइफ जॅकेट कसं घालायचं, दोरी कुठली सोडायची नाही. आणि मग म्हणालास, "सगळ्यात महत्त्वाचं सांगून राहिलो, ऐका. बोटीवर संकोच चालत नाही. वास आला, आवाज आला, काही ओलं लागलं, मळमळलं, काहीही वेगळं वाटलं, तर मला सांगायचं. मी झोपलो असलो तर उठवायचं. माझी झोप इम्पॉर्टंट नाही, बोट इम्पॉर्टंट आहे. ओके?" आम्ही शाळेतल्यासारखं ओके म्हटलं.

त्यानंतर तू संडास कसा वापरायचा ते दाखवलंस. त्या बोटीत समुद्राचंच पाणी आत ओढून घ्यायचं, आणि झालं की एक खिट्टी आडवी करून ते पाणी बंद करायचं. खिट्टी राहिली तर समुद्र हळूहळू आत येत राहतो. हे तू अगदी सविस्तर सांगत होतास, हातवारे करून, आणि नाना दूरच्या बेटाकडे पाहत होते. मुलीसमोर, नातीसमोर, माझ्यासारख्या बाईमाणसासमोर जावई संडास समजावून सांगतोय, त्यांनी बघायचं तरी कुठे? मी ते पाहिलं होतं आणि मला हसू आलं होतं. नंतर एकट्याने जाऊन जावयाला विचारायचं, तर तेही त्यांना जमेना. आपल्यातला कुठलाही म्हातारा हेच करील.

पहाटे मी जागी झाले ती तुझ्या ओरडण्याने. खाली आले तर मधल्या जागेत घोट्यापर्यंत पाणी. माझी चप्पल तरंगत होती. तू वाकलास, पाण्यात हाताचं बोट बुडवलंस आणि जिभेला लावलंस. "खारं आहे," म्हणालास आणि धावत संडासात गेलास. खिट्टी उभीच होती. पाणी बाहेर फेकणारा पंप बिचारा चालून चालून बॅटरी संपवून बंद पडला होता. आणि नाना आपल्या बाकावर, मांडी घालून, पाय वर घेऊन, शाल पांघरून जागे बसले होते. चपला त्यांनी उशाशी ठेवल्या होत्या, भिजू नयेत म्हणून.

"नाना, तुम्हाला कधी कळलं हे?"

"बराच वेळ झाला. आधी वाटलं बोटीत असं असतच असेल. मग जरा वाढलं. पण तुम्ही सगळे दमून झोपला होतात. म्हटलं, उजाडेल आता. कशाला झोपमोड."

आणि तू फुटलास. मी तुला इतकी वर्षं ओळखते, स्टेट कॉलेज गावात शिकायला होतो तेव्हापासून, पण तुला असं कधी पाहिलं नव्हतं. "झोपमोड? नाना, आपण सगळे झोपेतच गेलो असतो ना! माझी पोरगी समोर झोपली होती, पाणी तिच्या गादीला लागून राहिलं होतं, आणि तुम्ही चपला सांभाळत बसले? हा तुमचा चांगुलपणा आहे का? हा चांगुलपणा नाही. याला काय म्हणायचं मला माहीत नाही, पण चांगुलपणा नाही म्हणत याला!" इरा रडत "बाबा, स्टॉप यलिंग ॲट हिम" म्हणत होती. मंजिरी पांढरीफटक. सासऱ्यांना कोणी असं बोलतं का?  नानांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली.

मग आपण पाणी उपसलं. कुकरने, पातेल्यांनी, इराच्या वाळूत खेळायच्या बादलीने. अजय खालून भरून देत होता, तू वरून ओतत होतास. सूर्य वर आला तेव्हा बोट कोरडी होती आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

त्या दुपारी आपण भांडलो, आठवतं? तू सुकाणूचं चाक धरून उभा होतास, शीड भरलेलं, डाव्या हाताला ते बेट सरकत होतं. मी म्हटलं, चूक नानांची असेल, पण बोलायची ही पद्धत नाही, पाहुणे आहेत ते, वडील आहेत. माफी माग. तू म्हणालास, "कशाची माफी? बोट बुडाली असती तर त्यांच्या सौजन्याचं काय लोणचं घातलं असतं?" मी म्हटलं, अरे, पण ते कुठे वाढले, कशात वाढले, बघशील की नाही? दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही हेच त्यांना शिकवलं. तू म्हणालास, "मलाही तेच शिकवलं. म्हणूनच बोलून राहिलो. हे शिक्षण डेंजरस आहे, शुभा." आणि माझ्या हातात चाक देऊन पाणी प्यायला गेलास. मी त्या क्षणापर्यंत चाकाला हात लावला नव्हता. वारा जोरात होता, बोट एका अंगावर कललेली, आणि तू खाली निवांत पाणी पीत होतास, एकदाही वर डोकावला नाहीस. एवढा विश्वास माझ्यावर पुढे कोणी टाकला नाही, हेही इथे लिहून ठेवते, कारण सभेत ते बोलायचं राहिलं.

माफी तू मागितली नाहीसच. पण चहाच्या वेळी नानांसमोर जाऊन बसलास आणि म्हणालास, "नाना, आजपासून तुमची ड्युटी. दिवसभर बोटीवर जे काही खटकेल ते मला येऊन सांगायचं. काहीच खटकलं नाही असं झालं तर मी समजेन तुम्ही लपवून राहिले." आधी नाना ऐकून न ऐकल्यासारखं करत होते. मग त्यांनी कानटोपी घातली आणि सुरुवात केली. ती दोरी ढिली वाटते. त्या कप्प्याचं दार वाजतं. चहात साखर कमी आहे. अजयराव फार घोरतात. मंजिरी म्हणाली, आईला उभ्या जन्मात यांनी इतक्या तक्रारी सांगितल्या नसतील. रात्री तर "जरा बघा, मला उगाच काहीतरी वाटतंय" म्हणून त्यांनी तुला उठवलं. तू उठून सगळी बोट पाहिलीस, काही नव्हतं, आणि त्यांना थँक्यू म्हणून परत झोपलास. मी पडल्या पडल्या ऐकत होते आणि मनात म्हणत होते, या माणसाशी भांडावं तरी कसं.

तरीही माझं म्हणणं बदललेलं नाही. म्हाताऱ्या माणसावर असं ओरडू नये. तो वाद आपला उरला आहे, आणि तू असा मध्येच उठून गेलास याचा मला राग आहे. वादात हरणार असं दिसलं की लोक विषय बदलतात. तू तर हद्दच केलीस.

आणि सभेत लोक म्हणतात, कोणाला त्रास दिला नाही. अरे, तू आमचा त्रास घेत राहिलास तो? स्टेट कॉलेजच्या पहिल्या हिवाळ्यात माझी किल्ली आत राहिली होती, बस बंद झालेल्या, आणि माझ्याकडे तुझा एकट्याचा नंबर होता. तू चालत आलास, स्वेटरवर स्वेटर घालून, कोट नव्हताच तुझ्याकडे तेव्हा. मी सॉरी सॉरी करत होते तर चिडलास. "सॉरी काहून म्हणते? मला बोलावलं नसतं तर राग आला असता." अजयची नोकरी गेली तेव्हा, माझं ऑपरेशन झालं तेव्हा, तेच. आम्ही मागायचं आणि तू द्यायचंस. उलट्या दिशेने काही वाहूच दिलं नाहीस. इतके दिवस मी याला प्रेम म्हणत होते. आता विचार करते तर त्यात थोडा माजही दिसतो. आम्ही सगळे गरजू आणि तू एकटा धडधाकट, असं ठरवलंस कोणाला विचारून? ज्याला मित्राकडे मागता येत नाही, तो मित्राला आपल्याहून कमी समजतो. हे मला तुझ्या तोंडावर म्हणायचं होतं. तू त्यावर काहीतरी तिरकस बोलला असतास आणि आपण मंजिरीच्या हातचा चहा प्यायलो असतो.

नानांचा पुण्याहून फोन आला होता. डॉक्टरांनी त्यांना विमानप्रवास नको म्हटलंय, त्यामुळे येता आलं नाही. रडत नव्हते. रागावले होते, माझ्यासारखेच. म्हणाले, "शुभा, मला एवढं बोलला तो. बरोबर बोलला. तेव्हापासून मी इथे शेजाऱ्यांची दारं वाजवतो, जरा काही झालं तरी. लोक हसतात. आणि हा शहाणा स्वतः गप्प राहिला?" मग म्हणाले, "त्याला कोणीतरी तसंच झापायला हवं होतं. पण सासऱ्याने जावयाला कसं झापायचं? आमच्यात ते नाही ना."

तर परवा सभेत हे सगळं माझ्या डोक्यात होतं, आणि त्या काकू भाग्यवान म्हणाल्या, आणि मी उठले. माझं नाव बोलणाऱ्यांत नव्हतं. मी म्हटलं, दिगूने त्रास दिला नाही म्हणून आज आपण इथे बसलो आहोत. हा गुण म्हणून सांगू नका. तुमच्या मुलांसमोर तर मुळीच सांगू नका. त्याने त्या दिवशी कोणाला तरी उठवलं असतं, धावपळ करायला लावली असती, आपला रविवार खराब केला असता, तर तो आज घरी वैतागलेला बसला असता, डॉक्टरने तळलेलं बंद केलं म्हणून. अजयने माझी बाही ओढली. काकू म्हणाल्या, "अगं, अशा वेळी असं बोलू नये." मी म्हटलं, मग कधी बोलायचं? पुढच्याच्या वेळी? त्यानंतर मी पर्स उचलली आणि बाहेर आले.

काल संध्याकाळी मंजिरी आली. लोकांनी पाठवलेल्या जेवणाचे डबे परत करत फिरत होती, घासून पुसून, प्रत्येकात थोडी साखर घालून. मला वाटलं, सभेबद्दल बोलायला आली. मी आधीच माफी मागायला लागले. तिने हातानेच थांबवलं आणि ओट्यापाशी उभ्या उभ्याच म्हणाली, "तू बोललीस ते बरं केलंस. मला तुला एक सांगायचं होतं, सांगावं की नाही कळत नव्हतं. तुला वाईट वाटेल म्हणून." मग स्वतःच म्हणाली, "बघ, मीही तेच करतेय."

मी खुर्ची ओढून दिली. ती बसली नाही.

"त्या दिवशी सकाळी त्याने फोन हातात घेतला होता, शुभा. म्हणाला, आज मला बरं वाटून नाही राहिलं, अजयला ब्लोअर घेऊन यायला सांगतो. तुमचा नंबर दाबायलाही लागला होता. मग घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, रविवार आहे, झोपले असतील. आणि फोन ठेवून बूट घालायला गेला."

ती डबा ठेवून गेली. 

मी जागी होते, दिगू. अजय झोपला होता, पण मी केव्हाची उठले होते. चहाचा कप घेऊन ह्याच ओट्यापाशी उभी होते आणि फोन माझ्या हाताशी होता. एकदा वाजवून तरी बघायचा होतास.